भूत काय मागतं? : डिलाईल रोडवरून पाहिलेले भयपट

अंगात आलेल्या बाईसमोर बसलेला भगत दोनच प्रश्न विचारतो. पहिला, 'तू कोण?' आणि दुसरा, 'तुला काय पायजे?' पुढचं सगळं घासाघीस असते. कोंबडा, नारळ, साडीचोळी, कुणाच्या तरी नावाने घातलेलं पान. ही घासाघीस किती क्रूर होऊ शकते हे आपण जाणतो. 2013 साली महाराष्ट्राला त्यासाठी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तो योग्यच आहे. पण कायदा मान्य करूनही त्या दुसऱ्या प्रश्नाकडे मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. कारण आपल्या लोकसमजुतीतलं भूत हे मुळात काही मागायला आलेलं असतं. ते सैतान नसतं, थकबाकीदाराच्या दारात उभं राहिलेलं देणेकरी असतं. भयपट खरोखर भीतीदायक कधी होतो, तर या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावरच्या माणसांना आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही अडचणीत टाकतं तेव्हा. या लेखात मला हेच तपासून पाहायचं आहे.

तपासणीची जागा डिलाईल रोड. कागदोपत्री तो आता ना. म. जोशी मार्ग असला तरी आमच्या तोंडी अजून डिलाईल रोडच. जागा निवडण्यामागे आपुलकी आहेच, पण पद्धतशीर कारणही आहे. भयपटाचा सगळा संसार वाड्यावर, हवेलीवर, रिकाम्या खोल्यांवर उभा असतो. बीडीडी चाळीत रिकामी खोली हीच एक दंतकथा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920च्या दशकात बांधलेल्या या चाळी. आमच्या रस्त्यावर 32. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका चाळीत 80 खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. तीत आठ-दहा माणसं, शिवाय गावचा पाहुणा. जिथे माणसाला झोपायला पाळी लावावी लागते, तिथे भूत राहणार कुठे? वाड्याच्या भीतीला अशा ठिकाणी आणून बघितलं की तिच्यातलं अस्सल काय आणि नेपथ्य काय, हे चटकन वेगळं होतं.

ट्रंकेतून आलेली भुतं

गिरण्यांत कामाला आलेली माणसं कोकणातली आणि घाटावरची. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून भुतंही आणली. आर. ई. एन्थोवेन यांनी 1924 साली 'द फोकलोअर ऑफ बॉम्बे' या ग्रंथात या इलाख्यातल्या भुताखेतांची नोंद केली आहे. आमच्या आजीच्या पिढीला तो ग्रंथ वाचायची गरज नव्हती, त्यांना ती सगळी वंशावळ पाठ होती. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात दगावलेली बाई. समंध म्हणजे मागे वारस न ठेवता मेलेला आणि आपल्या ठेव्याला चिकटून राहिलेला पुरुष. यादी नीट वाचली तर लक्षात येतं की यातलं एकही भूत स्वभावाने दुष्ट नाही. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलं आहे: लग्न, लेकरू, वारस, पिंड. हे अपुऱ्या हिशेबांचं रजिस्टर आहे. देवचार तर गावाची राखण करतो आणि त्याचा मान चुकला तरच वाटेत आडवा येतो.

पाश्चात्त्य चित्रपटसमीक्षेत याच्या जवळपास जाणारा विचार रॉबिन वुड यांनी 1979 साली मांडला. समाज जे दडपतो ते राक्षसाच्या रूपाने परत येतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, 1919 साली, फ्रॉइडने 'घरच्यासारखं' आणि 'भयावह' या दोन जर्मन शब्दांचं नातं उलगडून दाखवलं होतं: सर्वांत भयंकर ते, जे एकेकाळी घरचंच होतं. दोन्ही विचार मोलाचे आहेत. पण 'दडपलेलं' आणि 'थकलेलं' यांत फरक आहे. दडपलेलं माझ्या मनात असतं. थकलेलं दुसऱ्या कुणाचं तरी असतं, आणि ते माझ्याकडे असतं. मनातल्या गोष्टीवर वैद्य उपाय करू शकतो. वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (1976) मध्ये भुताच्या गोष्टीचा उलगडा अखेर मनोव्यापारात होतो, आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून 'गोमू संगतीनं' गुणगुणत बाहेर पडतो. देण्याची गोष्ट अशी सुटत नाही.

सामरीला आपण काही लागत नव्हतो

ऐंशीच्या दशकात चाळीत गणपतीच्या दिवसांत भाड्याने व्हीसीआर आणि टीव्ही आणायची पद्धत होती. वर्गणी काढायची, रात्रभरात तीन सिनेमे, आणि मधला हमखास भुताचा. बीडीडी चाळीचा बोळ इमारतीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना खोल्या. दिवसासुद्धा तिथे दिवा लागतो. त्या बोळात सतरंज्या टाकून मी रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (1984) पाहिला. त्याच्या पुढेमागे 'दरवाज़ा', 'तहख़ाना', 'वीराना' पाहिले.

रामसेंना हसणं सोपं आहे, आणि ते आता फार झालं आहे. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (1972) पासून तुलसी आणि श्याम रामसे व त्यांच्या भावांनी घरच्या घरी एक शैलीच उभी केली. धुकं, हिरवा-तांबडा उजेड, कुरकुरणारं दार, आणि अजय अग्रवालचा तो अवाढव्य चेहरा. हा धंदा त्यांनी तुटपुंज्या पैशांत आणि पक्क्या समजुतीने केला. 'पुराना मंदिर'मधलं सामरीचं मुंडकं एका पेटीत आणि धड दुसरीकडे, ही कल्पना तर लोककथेच्या तोडीची आहे.

तरीही तो चित्रपट भीतीदायक नाही. आम्ही दचकलो, किंचाळलो, शेजाऱ्याचा दंड धरला, आणि संपल्यावर लगेच तिसरा सिनेमा लावायचा हट्ट धरला. कारण उघड आहे. सामरी हा माणसं मारणारा राक्षस. राजाने त्याला पकडलं आणि शिक्षा दिली, ती न्यायाचीच. मरताना त्याने शाप दिला की राजाच्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. आता या शापाला 'तुला काय पायजे' हा प्रश्न विचारून पाहा. सूड, यापलीकडे उत्तर नाही. राजघराण्याने त्याचं काही लुबाडलेलं नाही. प्रेक्षक तर त्याला काहीच लागत नाही. त्यामुळे शेवटी देवाच्या त्रिशूळापुढे सामरीचं काही चालत नाही, तेव्हा आपला हिशेब कोरा असतो. दचकणं शरीराचं असतं आणि ते थिएटरात संपतं. भीती घरी घेऊन जाता येते.

चाळीत याची एक साधी परीक्षा होती. सिनेमा संपल्यावर बोळाच्या टोकाच्या सामायिक संडासाकडे एकट्याने जायचं. तिथला बल्ब बहुतेकदा गेलेला. 'पुराना मंदिर'नंतर आम्ही तिथे शर्यत लावून पळत गेलो होतो. त्याच्यापेक्षा कमी रक्त आणि कमी धूर असलेल्या एका सिनेमाने मात्र माझी पावलं बोळाच्या मध्यावर थांबवली.

'गहराई': हिशेब मांडणारा आवाज

अरुणा राजे आणि विकास देसाई यांनी दिग्दर्शित केलेला 'गहराई' (1980) भयपटांच्या याद्यांत फारसा दिसत नाही. त्याच्या पटकथेत विजय तेंडुलकरांचाही हात आहे, ही एकच गोष्ट मराठी वाचकाला पुरेशी व्हावी. चन्नबसप्पा (श्रीराम लागू) हा बंगळुरात राहणारा, बुद्धिवादी, कर्तबगार आणि कठोर गृहस्थ. गावाकडची वडिलोपार्जित जमीन तो साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. ती जमीन आयुष्यभर सांभाळणाऱ्या, तिला आई मानणाऱ्या बसवाचं त्यात काय होतं हे विचारायची त्याला गरज वाटत नाही. थोड्याच दिवसांत त्याची शाळकरी मुलगी उमा (पद्मिनी कोल्हापुरे) विचित्र वागू लागते. तिच्या तोंडून दुसराच आवाज बोलू लागतो.

तो आवाज घरातल्यांना एक जुनी गोष्ट सांगतो: या घराच्या मालकाने बसवाच्या बायकोवर केलेला अत्याचार आणि तिने केलेला जिवाचा शेवट. चित्रपटातली सर्वांत भयानक जागा हीच. तिथे कुणाची मान फिरत नाही, भिंतीवरून रक्त ओघळत नाही. एक पोर आपल्या बापाकडे बघून बापाचं कृत्य बोलते, आणि लागूंचा चेहरा सांगतो की ते खरं आहे.

इथे विल्यम फ्रीडकिनच्या 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) शी तुलना अटळ आहे. दोन्हीकडे झपाटलेली मुलगी, हतबल आई, डॉक्टर आणि मग मांत्रिक. तंत्रात हॉलिवुडचा चित्रपट कितीतरी पुढे आहे. पण त्यातल्या सैतानाचं त्या आईशी काही देणंघेणं नाही. वाईट कुठून तरी आलं, एका निष्पाप घरात शिरलं, आणि धर्मगुरूंनी आपला जीव देऊन ते बाहेर काढलं. 'गहराई'तलं वाईट बाहेरून आलेलंच नाही. ते घरचं आहे, वडिलोपार्जित आहे, सातबाऱ्यावर आहे. म्हणून मांत्रिकाने ते बाहेर काढलं तरी टाकणार कुठे?

लागू हे खऱ्या आयुष्यात देव नाकारणारे, ते उघडपणे मांडणारे विवेकवादी. त्यांनी चन्नबसप्पा करावा यात मला विसंगती दिसत नाही. हा चित्रपट 'भूत असतं' असं सांगत नाही, 'तू केलंस ते असतं' असं सांगतो. भूत मानण्यापेक्षा हे मानणं कुठल्याही माणसाला अधिक जड जातं. भुतावर विश्वास नसलेल्या प्रेक्षकालाही जो भिववतो तो भयपट खरा, हा निकष मला 'गहराई'नेच दिला.

जागा स्वस्तात का मिळाली?

राम गोपाल वर्मांनी 2003 साली 'भूत' काढला. हिंदी भयपटातली हवेली त्यांनी मोडीत काढली आणि तिच्या जागी मुंबईतला उंच टॉवरमधला फ्लॅट आणला. गाणी नाहीत, धुकं नाही. लिफ्ट, पार्किंग, वॉचमन, मोलकरीण. चित्रपटाची तारीफ होते ती त्याच्या आवाजासाठी आणि ऊर्मिला मातोंडकरच्या अभिनयासाठी. दोन्ही रास्त. पण माझ्या मते त्याचा पाया पहिल्या काही मिनिटांतच घातला जातो. विशाल (अजय देवगण) याला फ्लॅट परवडणाऱ्या भावात मिळतो, कारण तिथे आधी राहणारी बाई इमारतीवरून पडून मेलेली आहे. हे त्याला माहीत असतं. तो बायकोला सांगत नाही.

मुंबईत जागा शोधलेल्या कुठल्याही माणसाला हा प्रसंग हाडापर्यंत कळतो. 'स्वस्तात का मिळाली?' हा या शहराचा भगतासारखा प्रश्न आहे, आणि उत्तर ऐकायची कुणाची तयारी नसते. स्वातीला जे झपाटतं त्याचं मागणं स्पष्ट आहे: तिचा खून झाला आहे आणि मारणारे मोकळे आहेत. पण आपण धास्तावतो ते विशालमुळे. त्याने कुणाला मारलेलं नाही. त्याने फक्त दुसऱ्याच्या मरणामुळे पडलेल्या भावाचा फायदा घेतला. तेवढ्यावर आपल्यापैकी कुणी सुटणार नाही. वर्मांची कमजोरी अशी की उत्तरार्धात ते हे विसरतात. खुनी सापडतो, मांत्रिक (रेखा) आणि इन्स्पेक्टर (नाना पाटेकर) आपापली कामं करतात, आणि विशालचा हिशेब कुणी मांडतच नाही. चित्रपट तिथे भीतीकडून रहस्यकथेकडे घसरतो.

उसाचं शेत आणि कणकेची बाहुली

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (2017) ने मराठी भयपटाला 'झपाटलेला' आणि 'पछाडलेला' यांच्या विनोदी कुशीतून बाहेर काढलं. त्या दोन्ही चित्रपटांवर माझं प्रेम आहे. तात्या विंचूला घाबरणारी पोरं आमच्या मजल्यावर दोन पिढ्या होती. पण 'लपाछपी'ची इयत्ता वेगळी. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याच्या कर्जामुळे शहर सोडून उसाच्या फडातल्या एका एकाकी घरात येते. तिथे तिची बडदास्त ठेवणारी तुळसाबाई (उषा नाईक) आहे, आणि उसात लपाछपी खेळणारी मुलं आहेत. फुरियांचं धाडस असं की बरीचशी भीती त्यांनी भर उन्हात ठेवली. हिरव्यागार उसाच्या भिंती, डोक्यावर सूर्य, आणि वाट सापडत नाही. आपल्या लोककथेतला चकवा इतक्या नेमकेपणाने क्वचितच पडद्यावर आला असेल.

इथली मागणी करणारी जन्मू न दिलेल्या मुलींच्या बाजूने बोलते. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. बीड जिल्ह्यात 807. हे आकडे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या उसात कोण लपलंय हे विचारावं लागत नाही. संदेश मात्र शेवटी तोंडाने सांगितला जातो आणि तिथे भीती थोडी पातळ होते. तुळसाबाईच्या प्रेमळ हातांनी ते आधीच सांगून झालेलं असतं. लाड करणारी बाई आणि जीव घेणारी रीत एकाच पदराखाली असतात, हे उषा नाईक यांनी आवाज न चढवता दाखवलं आहे.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (2018) हिंदी असला तरी त्याची हाडं मराठी आहेत. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं, बीज नारायण धारपांच्या 'आजी' या कथेचं. आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची कथा आहे हे धारपांचे वाचक जाणतात. 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत घडणारी ही गोष्ट. सतत कोसळणारा पाऊस, पडका वाडा, आणि देवीच्या गर्भात बंद असलेला हस्तर. सगळं सोनं त्याच्याजवळ आहे, पण अन्न नाही. धान्य त्याला नाकारलेलं आहे. विनायक (सोहम शाह) कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर भुकेने तिच्यावर तुटून पडतो, आणि तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातल्या मोहरा काढून घेतो.

या चित्रपटाचं कौतुक दृश्यांसाठी झालं, आणि पंकज कुमार यांच्या छायाचित्रणासाठी ते व्हायलाच हवं. पण त्यातली खरी उलथापालथ वेगळीच आहे. इथे भगताचा प्रश्न विचारायची गरजच नाही. हस्तरला काय हवं ते पहिल्यापासून माहीत आहे: मूठभर पीठ. आणि पोट भरलेला माणूस ते त्याला आमिष म्हणून दाखवतो. भुकेल्याच्या कमरेचं सोनं काढून घेणारा हा आपला नायक. कितीतरी भयपटांत माणूस भुताच्या तावडीत सापडतो. 'तुंबाड'मध्ये भूत माणसाच्या तावडीत सापडलेलं आहे. विनायक आपल्या मुलाला हाच धंदा शिकवतो, दोरावरून उतरायला, वेळ मोजायला, बाहुली टाकायला, आणि मुलगा बापाच्याही पुढची हाव दाखवतो, तेव्हा देण्याचा वारसा कसा चालत येतो हे दिसतं. 2024च्या सप्टेंबरात हा चित्रपट पुन्हा झळकला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला. सहा वर्षांनंतर लोक फक्त पाऊस बघायला आले असतील असं मला वाटत नाही.

एक आक्षेप

मागणी नसलेली भीती असतेच की, असं कुणी म्हणेल. अंधार, खोली, अनोळखी आवाज यांना कारण लागत नाही. लहान मूल हिशेब न समजताच घाबरतं. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. चकव्याला काही नको असतं. तो फक्त वाट चुकवतो. पण अशी भीती सांगून संपते. रत्नाकर मतकरींच्या उत्तम गूढकथा घ्या: त्यांतलं अतर्क्य कितीही मोकळं सुटलेलं असलं तरी त्याच्या मुळाशी बहुधा कुणीतरी कुणावर केलेला अन्याय, किंवा घरातल्यांनी न पाहिल्यासारखं केलेलं काहीतरी सापडतं. अंधार हे साधन आहे. अंधारात कोण उभं आहे आणि त्याचं माझ्याकडे काय आहे, यावर भीतीची उमर ठरते.

न निघालेला भयपट

आता पुन्हा डिलाईल रोड. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याआधी हा भाग कधी शांत नसे. तीन पाळ्यांचे भोंगे दिवसरात्रीचे तुकडे करत. भोंगे बंद पडले तेव्हा जी शांतता आली, तिच्याएवढा भयंकर ध्वनिपरिणाम मी कुठल्याही चित्रपटात ऐकलेला नाही. पुढे 1991च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीची तीन हिश्शांत वाटणी ठरवली: पालिका, म्हाडा आणि मालक. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जमिनीवर बांधकाम उभं होतं, म्हणून ती वाटून द्यायची नाही. ज्या बांधकामात आमच्या बापांनी पाळ्या भरल्या, त्याच बांधकामाने त्यांचा हिस्सा घटवला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. घरं मिळालेले त्या मानाने मूठभर.

महेश मांजरेकरांनी जयंत पवारांच्या 'अधांतर'वरून 2010 साली 'लालबाग परळ' केला. तो भयपट नाही, आणि तो भयपट असावा असा माझा आग्रहही नाही. पण भगताचा दुसरा प्रश्न या जमिनीला कुणी अजून विचारलेला नाही. आज त्या जागेवर मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत, तिसाव्या मजल्यावरचे फ्लॅट आहेत. तिथे कुठल्याही क्षणी एखादी पोर आपल्या बापाकडे वळून वेगळ्याच आवाजात बोलू लागेल, इतका 'गहराई'चा मसाला जमिनीत पुरलेला आहे. त्यासाठी धूर नको, मुखवटा नको. एक सातबारा आणि एक हजेरीपट पुरे.

आणि हा प्रश्न फक्त काचेच्या ऑफिसांचा नाही. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर, लिफ्ट, आणि घरातल्या घरात संडास. हे आमच्या हक्काचं आहे, आणि बोळाच्या टोकाच्या त्या अंधाऱ्या दाराची आठवण काढून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. पण नव्या घराला बंद होणारं दार असेल. शेजारचा आवाज भिंतीतून येणार नाही. पहिल्यांदाच आमच्याकडे एक रिकामी खोली असेल. वाड्याचा भयपट जिथून सुरू होतो तिथे आम्ही आता पोचतो आहोत. त्या खोलीत कुणाला जागा द्यायची, कुणाचं देणं आठवायचं आणि कुणाचं विसरायचं, हे आम्हालाच ठरवायचं आहे. चाळीत भूत राहायला जागा नव्हती, कारण गेलेली माणसंही रोजच्या बोलण्यात राहत होती. त्यांची नावं घेणं आपण सोडलं, तर मागायला त्यांना दुसऱ्या मार्गाने यावं लागेल.